घरातल्या संगिनीवर काय लिहिलंय?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आज एक छोटं काम करा. ऐकता ऐकता स्वयंपाकघरात जा आणि गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या आतल्या बाजूला बघा. तिथे एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे दिसतील. समजा ‘सी’ आणि २७. म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२७ या तिमाहीत त्या टाकीची पुढची तपासणी व्हायला हवी. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, डी म्हणजे शेवटचे तीन महिने. वर्षानुवर्षं ही टाकी आपल्या घरात येते-जाते, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते कधी वाचलेलं नसतं.

लोखंडावर लोक लिहून ठेवतात. कुठे बनलं, कधी बनलं, कोणी तपासलं, कोणाच्या मालकीचं. भुसावळच्या फलाटावर उभं राहून रुळाच्या बाजूला नीट बघितलंत तर तिथेही उठावातली अक्षरं दिसतात. वरणगावच्या फॅक्टरीतल्या काडतुसाच्या बुडावर ओ-एफ-व्ही असतं, ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. मला या ठशांचा नाद लागला आणि त्यातून मी संगिनींपर्यंत पोचलो.

संगीन म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायचं पातं. इंग्रजीत बायोनेट. ‘संगीन गुन्हा’ आपण रोज ऐकतो, पण ही संगीन नाम आहे, स्त्रीलिंगी. आता पहिलीच गोष्ट सांगून टाकतो, कारण कमेंटमध्ये हाच प्रश्न येणार: माझ्याकडे किती संगिनी आहेत? एकही नाही. मी ठसे गोळा करतो. फोटो आणि बटर पेपरवरचे उठाव. लॅपटॉपवर एक शीट आहे, प्रत्येक ओळीत एक पातं: कुठे बघितलं, कोणत्या बाजूला काय लिहिलंय, लांबी किती. पातं ज्याचं त्याच्याकडे राहतं. असं का, ते पुढे सांगतो.

तर गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. धरणगाव तालुक्यातलं एक गाव, नाव सांगत नाही. कॉलेजातल्या मित्राचं घर. दसऱ्याचा दिवस. ओट्यावर पूजा मांडलेली: विळा, कोयता, पहार, ट्रॅक्टरची चावी, आणि मधोमध एक पातं. लाकडी मूठ, मुठीपुढे लोखंडाची आडवी पट्टी, तिच्यात एक गोल कडी. वर झेंडूची फुलं आणि हळदीकुंकू. त्या कडीवरून मी ओळखलं, ही संगीन.

मित्राचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. मी विचारलं, बाबा, ही कुठली? ते म्हणाले, “हाई मना आजाना आजानी शे, भाऊ.” म्हणजे माझ्या आजोबांच्या आजोबांची आहे.

आणि मग गोष्ट सुरू झाली. गंमत म्हणजे एकाच ओट्यावर दोन गोष्टी निघाल्या. बाबांची गोष्ट अशी की ते पूर्वज भिल्ल पलटणीत शिपाई होते आणि ही संगीन त्यांना साहेबानं दिली. मित्राच्या काकांची गोष्ट उलटी. ते पूर्वज सातपुड्यात आंबापाणीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढले आणि ही संगीन त्यांनी गोऱ्या सोल्जरच्या हातातून हिसकावली. दोघंही आपापल्या गोष्टीवर ठाम. दर दसऱ्याला हा वाद होतो म्हणे.

यातली कुठलीच गोष्ट हवेतली नाही, हे आधी समजून घ्या. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांशी त्यांची अनेक वर्षं झुंज चालली. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटनं भिल्लांचीच पलटण उभी केली, खानदेश भिल्ल कोअर. तिचं ठाणं आपल्या धरणगावला होतं. १८९१ मध्ये ती पोलीस दलात सामील झाली. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं या भागातली भिल्ल पोरं सरकारी बंदूक खांद्यावर घेऊन उभी होती. आणि त्याच काळात, एप्रिल १८५८ मध्ये, खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या मागे उभे राहिलेले भिल्ल आंबापाणीला इंग्रजांशी लढले. त्यातले खाज्या नाईक तर आधी सरकारी चाकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करायचे. त्यामुळे एकाच घरात ‘पलटणीतला’ आणि ‘पलटणीविरुद्धचा’ अशा दोन्ही आठवणी असणं अगदी शक्य आहे.

माझा प्रश्न एवढाच होता, की हे पातं त्या माणसाचं आहे का? आणि हे पातं स्वतः सांगू शकतं.

वस्तूचा आकार सगळ्यात आधी बोलतो. कंपनी सरकारच्या काळातल्या साध्या शिपायाची संगीन कशी असायची? तिला मूठच नसायची. एक लोखंडी नळी, ती बंदुकीच्या तोंडावर सरकवायची, आणि नळीच्या बाजूनं निघालेलं तीन धारांचं लांब टोकदार पातं. भाजी चिरायलाही उपयोग नाही, फक्त भोसकायला. त्या काळातल्या कंपनीच्या हत्यारांवर कंपनीचा ठसा मिळतो. आधी बदामाच्या आकाराचा, आत कंपनीची आद्याक्षरं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. १८५७ च्या गाजलेल्या एन्फील्ड बंदुकीची नेहमीची संगीनही अशीच नळीची होती.

ओट्यावरच्या संगिनीला मात्र लाकडी मूठ होती, दोन स्क्रूंनी बसवलेली. तेव्हाच पोटात थोडं कसंतरी झालं. कारण आता पुढचं सांगावं लागणार होतं.

मी विचारलं, फोटो काढू का? बाबा म्हणाले, काढ. आणि इथे मला अनपेक्षित मदत झाली. मुठीला लागून पात्याचा एक बोथट, सपाट भाग असतो. बहुतेक ठसे तिथे असतात. तिथे वर्षानुवर्षांचं कुंकू साचलं होतं. मी बोटानं वरवर पुसलं, तर सपाटीवरचं कुंकू निघालं आणि अक्षरांच्या खाचांत अडकलेलं तसंच राहिलं. काळ्या लोखंडावर लाल अक्षरं. कितीही चांगला कॅमेरा घेतला असता तरी इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

एका बाजूला वरून खाली असं होतं. मुकुट. त्याखाली जी आणि आर. त्याखाली १९०७. मग एक छोटा आकडा आणि १७. आणि सगळ्यात खाली विल्किन्सन.

हे एकेक करून वाचू. मुकुटाखालची अक्षरं म्हणजे राजाची सही समजा. व्ही-आर असेल तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १९०१ च्या आधीचं. ई-आर म्हणजे एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी-आर म्हणजे जॉर्ज, १९१० नंतरचं. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत, म्हणजे कोलकात्याजवळ, बनलेल्या मालावर जी-आर-आय असंही मिळतं. तो शेवटचा आय ‘सम्राट’ या अर्थाचा, कारण हिंदुस्थानात तो नुसता राजा नव्हता.

१९०७ बघून नवे लोक हमखास फसतात. ते बनवल्याचं वर्ष नाही, ते मॉडेलचं नाव आहे, पॅटर्न १९०७. तुमच्या फोनच्या नावातल्या आकड्यासारखं. हे मॉडेल जपानी संगिनीवरून उचललेलं. ब्रिटिशांनी रायफल आखूड केली, म्हणून संगीन लांब केली, सतरा इंचांचं पातं. बनवल्याची तारीख खालच्या ओळीत असते. आधी महिना, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे. १७ म्हणजे १९१७. आणि विल्किन्सन ही इंग्लंडमधली बनवणारी कंपनी.

दुसऱ्या बाजूला एक बाणाचं टोक, त्याला इंग्रजीत ब्रॉड ॲरो म्हणतात, अर्थ ‘सरकारी माल’. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखाली आय हे अक्षर मिळतं. शेजारी फुलीसारखी खूण, म्हणजे पातं वाकवून बघितलं आणि ते परत सरळ झालं, चाचणी पास. आणि तपासनिसांचे बारीक मुकुट, प्रत्येकाखाली आकडा आणि अक्षर. आमच्या क्षेत्रात कोड कोणी तपासला त्याचं नाव राहतं ना, तसंच. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी कारखान्यातल्या माणसाची जबाबदारी अजून त्या लोखंडावर आहे.

म्हणजे संगीन १९१७ ची. भिल्ल कोअर १८९१ मध्येच पोलिसांत गेलेली. आंबापाणीची लढाई १८५८ ची. दोन्ही गोष्टी एका ठशानं बाद.

पण ते पातं अजून काही सांगत होतं. मी लांबी मोजली. सतरा इंच हवी होती, बारा भरली. आधी वाटलं, घरात कोणीतरी मोडली असेल. मग टोक बघितलं. पात्याच्या अंगावर एक लांब खोबण असते. लोक तिला रक्त वाहायची नाळ वगैरे म्हणतात, तसं काही नाही. पातं हलकं व्हावं आणि तरी ताठ राहावं म्हणून ती असते. मूळ संगिनीत ही खोबण टोकाच्या बरीच आधी संपते. इथे ती थेट टोकापर्यंत गेली होती. म्हणजे पातं पुढून कापलेलं आणि कापून पुन्हा नीट टोक काढलेलं, कारखान्यासारखं सफाईदार. हे काम दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर झालं. जुन्या लांब संगिनी बारा इंचांच्या केल्या, आणि इशापूरला नव्याही आखूडच बनवायला लागले. नवीन व्हर्जन आलं की मार्क दोन, मार्क तीन, आणि छोटा बदल असेल तर आकड्यापुढे चांदणी. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. मोठा बदल असेल तर नवा आकडा, किरकोळ असेल तर चांदणी.

याचा अर्थ १९४० च्या दशकापर्यंत तरी ही संगीन सरकारी कोठारातच होती. घरात आली ती त्यानंतर.

आता हे सांगायचं कसं? मी परत येताना गाडीवर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, बाबांना नको सांगू, त्यांना काय करायचंय. मी गप्प बसलो. पण दोन गोष्टी टोचत होत्या. एक, बाबांनीच मला विचारलं होतं, काय लिहिलंय रे ते? ऐंशी वर्षं पूजा करणाऱ्या माणसानं विचारलेला प्रश्न. त्याला ‘काही नाही, इंग्रजी आहे’ असं सांगणं म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही याचा फायदा घेणं. आणि दुसरी गोष्ट कायद्याची.

इथे जरा सावकाश ऐका. मी वकील नाही, पण एवढं कोणीही वाचू शकतं. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याखालचे नियम २०१६ चे. त्या नियमांत तलवार, खंजीर, भाला यांच्या यादीत संगीन नावानिशी आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं, आणि ते घरकाम, शेतीकाम वगैरेसाठी बनवलेलं नसेल, तर ते शस्त्र. पेपरात ‘तलवार बाळगल्याप्रकरणी कलम चार, पंचवीस’ अशी बातमी तुम्ही वाचली असेल, ती याचीच. आपल्या कोयत्याला सूट आहे कारण तो शेतीचा. बारा इंचांच्या संगिनीला ‘आम्ही हिनं फांद्या तोडतो’ हे उत्तर चालेलच असं नाही. त्यातून वस्तू शंभर वर्षांहून जुनी असली तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू शकतो. ‘घरातलीच आहे, काय होतंय’ म्हणत कोणीतरी स्टेटसला फोटो टाकतं, आणि मग धावपळ. म्हणून मी पातं विकत घेत नाही, भंगारात दिसलं तरी घेत नाही, आणि ‘कुठे मिळेल’ असं विचारणाऱ्यांना उत्तर देत नाही.

तर पुढच्या रविवारी मी परत गेलो. बाबांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. प्रत्येक अक्षर बोटानं दाखवलं. हा राजा, हे मॉडेल, हे साल, हा कारखाना, इथे कापली.

ते बराच वेळ बोलले नाहीत. काका जरा चिडले, म्हणाले, शिकलेल्या पोरांना सगळं खोटंच वाटतं. मी म्हटलं, काका, पूर्वज पलटणीत नव्हते असं मी म्हणतच नाही. लढले नाहीत असंही नाही. ही वस्तू फक्त त्यांची नाही.

मग बाबा बोलले, हळू आवाजात. त्यांचे वडील लढाईच्या दिवसांत देवळालीच्या लष्करी कॅम्पात मजुरीला होते. सामान उचलायचं, पेट्या भरायच्या, झाडलोट. दोन-अडीच वर्षांनी एक लोखंडी ट्रंक घेऊन घरी आले, त्यात दोन घोंगड्या, एक मग आणि हे. कुठून आणलं ते वडिलांनी कधी सांगितलं नाही. बाबा लहान होते. गावात कोणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून आजीनंच त्याला आजोबांच्या आजोबांचं केलं असावं, असं ते म्हणाले. मग पुढचं वाक्य असं, की वडील हमाली करायचे हे सांगायला आम्हाला बरं वाटायचं नाही.

मंडळी, ठसे वाचताना मी नेहमी आकड्यांच्या मागे असतो. त्या दिवशी मला कळलं की त्या घरात एक माणूस ऐंशी वर्षं गोष्टीतून गायब होता. ज्यानं पेट्या उचलल्या, ज्यानं ट्रंक घरी आणली, तो. त्याच्या वाट्याची जागा एका शूर पूर्वजाला दिली गेली होती. ठशांनी पूर्वजाचं काही घेतलं नाही. पलटण असेल, आंबापाणी असेल, ते सगळं आपल्या जागी आहे. फक्त मधला माणूस परत मिळाला.

लोखंडावरून किती समजतं, याचीही मर्यादा सांगतो. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर त्याचा अर्थ सरकारनं तो माल मोडीत काढून विकला. मी तो ठसा खूप शोधला, मिळाला नाही. त्यामुळे लिलावात घेतली, कोणी दिली की पेटीतून आली, यावर ते पातं गप्प आहे. आणि जिथे ते गप्प आहे तिथे मी पण गप्प. मुठीच्या मागच्या टोकावर कधी कधी पलटणीचा आणि हत्याराचा नंबर असतो. या संगिनीवर ती जागा घासून गुळगुळीत झाली होती. खिळे ठोकून ठोकून. हातोडी म्हणून वापरलेली ना.

आता कामाचं. तुमच्या घरी, मामाच्या गावाला, वाड्याच्या माळ्यावर असं काही असेल तर काय करायचं?

पहिलं, घासू नका. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर, काही नाही. पितळेची समई चकचकीत करतात तसं केलं की ठसे जातात आणि परत येत नाहीत. ग्राइंडर तर लांबच ठेवा. गंज असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा हात, मऊ फडक्यानं, बास.

दुसरं, फोटो. फ्लॅश समोरून मारू नका. खोली अंधारी करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा. तिरक्या उजेडात खाचांची सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप राहील. दोन्ही बाजू, मुठीचं मागचं टोक, आडवी पट्टी, म्यान असेल तर म्यान.

तिसरं, बटर पेपर ठेवा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो, तसंच. फोटोत न दिसलेला एखादा आकडा इथे सापडतो.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करा. ठसा सांगण्याआधी. आधी त्यांची गोष्ट पूर्ण ऐका, मग लोखंड वाचा. उलटं केलंत तर ते तुमच्या तारखेला जुळेल असंच सांगतील.

पाचवं, फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी वकिलाला विचारा.

त्या घरानं विचारलं. आठवडाभर घरात चर्चा झाली, मग मुलगा वकिलाला घेऊन गेला आणि अर्ज देऊन संगीन पोलीस ठाण्यात जमा केली. रीतसर पावती घेतली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण निर्णय त्यांचा होता. जाण्याआधी मी दोन्ही बाजूंचे उठाव बटर पेपरवर काढले. एक माझ्याकडे, एक बाबांकडे.

गेल्या दसऱ्याला सकाळी मित्राच्या नंबरवरून फोन आला. बाबा बोलत होते. ओट्यावर विळा, कोयता, पहार, ट्रॅक्टरची चावी मांडली होती. मध्ये तो कागद ठेवायचा होता. म्हणाले, “भाऊ, एनी वरनी बाजू कोनती?” म्हणजे याची वरची बाजू कुठली.

मी म्हटलं, बाबा, मुकुट वर ठेवा. मग म्हटलं, नाहीतर राहू द्या, तुम्हाला हवी ती वर ठेवा.

त्यांनी कुठली ठेवली ते मी विचारलं नाही. तुमच्या घरच्या लोखंडावर काही लिहिलेलं सापडलं तर मला कळवा. पत्ता नको, गावाचं नाव नको, अक्षरं पाठवा आणि सोबत घरातली गोष्ट पाठवा. भेटू पुढच्या भागात.